विंचवाचं बिऱ्हाड, उणे तीस अंशांत

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी आरव्ही भाड्याने घेतली असेल. दोन-तीन कुटुंबं, मागे मुलांचा गोंगाट, छोट्याशा फ्रीजमध्ये इडलीचं पीठ आणि समोर यलोस्टोन! जुलै महिन्यातली आरव्ही म्हणजे चाकांवर निघालेली मे महिन्याची सुट्टीच. ऑक्टोबर उजाडला की मालक तिच्या नळ्यांमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ ओततो, वर ताडपत्री घालतो आणि एप्रिलपर्यंत तिला विसरून जातो. आरव्ही आणि हिवाळा यांचं आपल्या लेखी नातं एवढंच.

पण याच देशात दर वर्षी हजारो माणसं अशा गाड्यांमध्ये अख्खा हिवाळा काढतात. थोडी हौसेने आणि पुष्कळशी कामापायी. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण २०१२-१३ च्या हिवाळ्यात एका प्रोजेक्टच्या निमित्ताने नॉर्थ डकोटातल्या विलिस्टन गावी चार महिने ट्रेलरमध्ये राहण्याचा योग आला आणि तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ते बिऱ्हाड उणे तीस अंशांत कसं तगतं आणि ते पाठीवर घेऊन फिरणारी माणसं कोण असतात, याचा इतिहास मला फार मोलाचा वाटला. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा लेखनप्रपंच.

आधी वाऱ्यापासून लपायचं

विलिस्टन मिसुरी नदीच्या काठी आहे. याच नदीच्या खालच्या अंगाला, आजच्या वॉशबर्न गावाजवळ, लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०४-०५ चा हिवाळा काढला. शेजारी मँडन आणि हिदात्सा लोकांची गावं होती, म्हणून त्यांनी आपल्या लाकडी गढीला फोर्ट मँडन असं नाव दिलं. १७ डिसेंबर १८०४ रोजी त्यांच्या थर्मामीटरने उणे ४५ अंश फॅरनहाइट दाखवल्याची नोंद आहे. म्हणजे सेल्सियसमध्ये साधारण उणे ४३. (उणे ४० ला दोन्ही मापं एकच होतात, हे मिनेसोटात राहणाऱ्यांना सांगायला नकोच!)

मँडन आणि हिदात्सा मंडळी उन्हाळ्यात नदीकाठच्या उंच कड्यांवर मातीच्या गोल घरांत राहत. थंडी सुरू झाली की हीच माणसं खाली, नदीलगतच्या झाडीत मुक्काम हलवत. तिथली घरं लहान आणि साधी असत. लहान जागा थोड्या लाकडांत गरम होते आणि झाडी वारा अडवते. मोकळ्या मैदानावर राहणाऱ्या, रानगव्यांच्या मागे फिरणाऱ्या लकोटांसारख्या लोकांनी आपल्या टिपी तंबूला आतून दुसरं अस्तर लावलं. बाहेरचं कातडं आणि आतलं अस्तर यांच्यामधली हवा थंडी रोखायची, वर चढताना धूरही घेऊन जायची. कडाक्याच्या थंडीत या दोन थरांमध्ये सुकं गवत ठासून भरत.

वारा अडवा, भिंत दुहेरी करा, जागा लहान ठेवा. हे तीन नियम नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या दोनशे वर्षांत ज्याने ज्याने चाकांवर हिवाळा काढला त्याला हेच पुन्हा शिकावं लागलं.

मेंढपाळाची गाडी

चाकांवरच्या हिवाळी घराचा खरा पूर्वज म्हणजे वायोमिंगमधली मेंढपाळांची गाडी. रॉलिन्स गावच्या जेम्स कँडलिश नावाच्या लोहाराने १८८४ मध्ये ती प्रथम बांधली, असं मानतात. पुढे १८८६-८७ चा हिवाळा असा भयंकर आला की मोकळ्या कुरणांवरची गुरं कळपच्या कळप मेली. गुरांच्या धंद्याचा कणा मोडला आणि अनेक कुरणांवर मेंढ्या आल्या. मेंढीला लोकरीचा कोट जन्मजातच मिळतो, पण मेंढपाळाचं काय? त्याला वर्षभर, एकट्याने, गावापासून कित्येक मैल दूर राहायचं होतं.

ती गाडी मी एका संग्रहालयात पाहिली आणि तिच्या आखणीवर खूश झालो. एका घोडागाडीवर लाकडी कमानी, त्यावर जाड कॅनव्हासचे एकावर एक थर, आणि थरांच्या मध्ये कित्येकदा घोंगड्या. दार आडवं दोन भागांत विभागलेलं. खालचं बंद ठेवून वरचं उघडलं की आत बसल्याबसल्या घोडे हाकता येत. दारात शिरताच उजव्या हाताला लोखंडी शेगडी. पलीकडच्या टोकाला आडवा पलंग, त्याच्यावर छोटी खिडकी आणि पलंगाखालून ओढून काढायचं टेबल. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांखाली शिधा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅस्पर गावची शुल्टे हार्डवेअर कंपनी या गाड्या बनवून विकू लागली. आजच्या कुठल्याही आरव्हीत शिरा. पलंग मागे, बाकांखाली सामान, ओढून काढायचं टेबल! मांडणी बरीचशी तीच आहे.

या गाड्यांत राहिले कोण? सुरुवातीला स्कॉटिश, मेक्सिकन आणि पुढे मोठ्या संख्येने स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क. दुसऱ्या महायुद्धानंतर मेंढपाळ मिळेनासे झाले, तेव्हा काँग्रेसने १९५० मध्ये खास कायदा करून २५० कुशल मेंढपाळांना कोट्याबाहेर व्हिसा दिले. यात पुढाकार होता नेवाडाचे सिनेटर पॅट मॅकॅरन यांचा. आणि आता आपल्याशी संबंधित गोष्ट. याच मॅकॅरन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने 'एच' नावाचा तात्पुरत्या कामगारांचा व्हिसा जन्माला घातला. एच-१ विशेष गुणवत्तेच्या लोकांसाठी, एच-२ इतर कामगारांसाठी. १९८६ मध्ये शेतकामासाठी एच-२ए वेगळा झाला आणि १९९० च्या कायद्याने आपला सर्वांचा परमप्रिय एच-१बी आला.

थोडक्यात, आयटीवाला आणि मेंढपाळ हे एकाच कलमाचे चुलतभाऊ! आजही पेरू देशातले मेंढपाळ एच-२ए वर येऊन पश्चिमेतल्या कुरणांवर अशाच चाकांच्या घरांत राहतात. त्यांच्या फिरत्या निवाऱ्यासाठी आणि मजुरीसाठी अमेरिकेच्या श्रम खात्याने २०१५ मध्ये वेगळे नियम केले. आपल्याकडचा धनगर दिवाळीनंतर घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून कोकणाकडे उतरतो, तेव्हा त्याला निदान उतरायला कोकण असतं. वायोमिंगमधल्या मेंढपाळाला उणे वीसमध्ये कुरणावरच थांबावं लागतं.

बॉम्बर बनवणारे हात

मोटारीला जोडायचं ट्रेलर लोकप्रिय झालं ते मंदीच्या काळात. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे पेशाने जीवाणुशास्त्रज्ञ. त्यांनी १९२९ मध्ये आपल्या कुटुंबाच्या सुट्टीसाठी एक ट्रेलर बांधून घेतलं, १९३० च्या मोटार प्रदर्शनात मांडलं आणि बघता बघता 'कव्हर्ड वॅगन' नावाची मोठी कंपनी उभी राहिली. १९३६ मध्ये वॉली बायम यांचं चकचकीत ॲल्युमिनियमचं 'एअरस्ट्रीम क्लिपर' आलं. त्याच सुमारास रॉजर बॅबसन या नामवंत अर्थतज्ज्ञाने भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल! (आमच्या क्षेत्रातली भाकितंही साधारण याच तोडीची असतात.)

निम्मी अमेरिका नाही, पण बरीच अमेरिका ट्रेलरमध्ये गेली, ती महायुद्धामुळे. मिशिगनमध्ये इप्सिलँटीजवळ विलो रन इथे शेतजमिनीवर फोर्ड कंपनीने बी-२४ बॉम्बर विमानांचा अवाढव्य कारखाना उभारला. १९४३ च्या मध्यावर तिथे ४२,००० हून अधिक माणसं काम करत होती आणि १९४४ मध्ये तासाला एक विमान या वेगाने उत्पादन पोचलं. एकूण ८,६८५ विमानं तिथे तयार झाली. पण ही माणसं राहणार कुठे? केंटकी, टेनेसीसारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतून कुटुंबं मोटारीच्या मागे ट्रेलर जोडून आली आणि मिशिगनच्या हिवाळ्यात शेतांत, रस्त्याकडेला, गॅरेजमध्ये, तंबूंत राहिली. विहिरी आणि संडास शेजारीशेजारी आल्याने आरोग्य खात्याची झोप उडाली.

कामगारांसाठी कायमस्वरूपी नगर वसवण्याची एक योजना झाली होती. 'बॉम्बर सिटी' असं तिचं नाव. तिला विरोध कुणी केला? खुद्द फोर्ड कंपनीने आणि स्थानिक जमीनमालकांनी. युद्ध संपल्यावर ही बाहेरची माणसं इथेच राहिली तर, अशी धास्ती होती. शेवटी १९४३ मध्ये सरकारने कामचलाऊ वसतिगृहं आणि सरकारी ट्रेलरांची वसाहत उभारली. विमानं हवी होती, ती बनवणारे हात हवे होते, पण हातांबरोबर येणारं बिऱ्हाड नको होतं.

युद्धानंतर याच वसाहतीत युद्धावरून परतलेले मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थी बायकामुलांसह राहिले. देशभरच्या विद्यापीठांत तेव्हा ट्रेलरांच्या वसाहती उभ्या होत्या. एमएस करताना एका अपार्टमेंटमध्ये सहा जण राहून आपण मोठा पराक्रम केला असं आपल्याला वाटतं. त्या पिढीने कडाक्याच्या हिवाळ्यात, सार्वजनिक नळावरून पाणी आणत पदव्या मिळवल्या.

एकाच गाडीची दोन नावं

युद्धानंतर ट्रेलरच्या दोन वाटा झाल्या. एक वाट रुंद, जड, एकदा टेकवली की सहसा न हलणाऱ्या 'मोबाइल होम'ची. १९५० च्या दशकात विस्कॉन्सिनच्या मार्शफील्ड गावचे एल्मर फ्रे यांनी दहा फूट रुंदीचं घर बाजारात आणलं आणि 'मोबाइल होम' हा शब्दही त्यांच्याच नावावर आहे. दुसरी वाट सुट्टीतल्या हलक्या गाड्यांची. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबेगो कंपनीने १९६६ पासून मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली.

१९७४ मध्ये काँग्रेसने मोबाइल होमच्या बांधकामासाठी कायदा केला आणि जून १९७६ पासून त्याचे राष्ट्रीय निकष लागू झाले. कुठल्या प्रदेशात किती इन्सुलेशन हवं, तापवण्याची सोय कशी हवी, सगळं लिहून ठेवलं गेलं. आरव्ही मात्र या कायद्याच्या बाहेर राहिली. का? तर ती व्याख्येनेच 'तात्पुरत्या' निवासासाठी असते. करमणूक, सहल, प्रवास यांसाठी. त्यामुळे तिच्या भिंती दीड-दोन इंचांच्या, जमीन पातळ आणि नळ बऱ्याचदा उघड्यावर. कायद्याच्या दृष्टीने तिच्यात हिवाळाभर कुणी राहतच नाही!

विलिस्टन

आता माझ्या अनुभवाकडे येतो. नॉर्थ डकोटात तेल प्रथम सापडलं १९५१ मध्ये, टायोगा गावाजवळ. पण बाकन नावाच्या थरातलं तेल घट्ट खडकात अडकलेलं. आडव्या विहिरी खणून, पाण्याच्या दाबाने खडक फोडून ते काढायचं तंत्र जमलं आणि २००६ मध्ये पार्शल गावाजवळचं मोठं क्षेत्र हाती लागलं. २००८ ते २०१४ या काळात तिथे तेलाचा महापूर आला. देशात मंदी, घरं जप्त होताहेत, नोकऱ्या जाताहेत, आणि इथे ट्रक चालवायला माणूस मिळत नाही! २०१२ मध्ये तेल उत्पादनात नॉर्थ डकोटा टेक्सासच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, एप्रिल २०१४ मध्ये रोजचं उत्पादन दहा लाख बॅरलच्या वर गेलं. २०१० च्या जनगणनेत विलिस्टनची लोकसंख्या होती १४,७१६. २०२० मध्ये ती २९,१६० झाली. तेजी ऐन भरात असताना मोजणीबाहेरची माणसं किती होती, ते देवच जाणे.

घरं अर्थातच नव्हती. २०१४ च्या सुरुवातीला एका पाहणीत एका बेडरूमच्या अपार्टमेंटचं भाडं देशात सर्वांत जास्त विलिस्टनमध्ये निघालं, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्याही वर. माझं काम एका वाहतूक कंपनीच्या संगणक प्रणालीचं. हॉटेलात खोली मिळेना, म्हणून गावाबाहेरच्या आरव्ही पार्कमध्ये एक ट्रेलर भाड्याने घेतलं. बायको आणि मुलगी ट्विन सिटीजमध्येच राहिल्या. बायको फोनवर म्हणाली, "मास्टर्स करून हे भिकेचे डोहाळे कुठून सुचले तुला?" स्काइपवर आईचा प्रश्न आणखी सरळ होता. "अरे, गाडीत राहतोस म्हणजे काय? अंघोळ कुठे करतोस?"

उजवीकडे मिसिसिपीचा एक ट्रक ड्रायव्हर राहत होता, डावीकडे आयडाहोचं एक जोडपं आणि त्यांची तिसरीतली मुलगी. त्या ड्रायव्हरने मला पहिल्याच आठवड्यात सगळं शिकवलं. ट्रेलरच्या खाली चारी बाजूंनी फोमचे तक्ते लावायचे, काहींनी वाळल्या गवताचे भारे रचले होते. वारा अडवा! खिडक्यांना आतून प्लास्टिक ताणून लावायचं. भिंत दुहेरी करा! पुढची खोली पडदा लावून बंद करायची आणि मागच्या भागातच राहायचं. जागा लहान ठेवा! मँडन, लकोटा आणि वायोमिंगचा लोहार, तिघेही तिथे हजर होते, फक्त तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

पाण्याच्या होजला वीज-तापणारी पट्टी गुंडाळायची आणि वर फोमची नळी. सांडपाण्याच्या टाकीची झडप बंदच ठेवायची आणि टाकी भरली की एकदम सोडायची. सतत उघडी ठेवली तर बारीक धार पाइपात गोठत जाते आणि शेवटी बर्फाची डाट बसते.

गॅसचा हिशेब माझ्या आवडीचा. ट्रेलरच्या भट्टीचा जोर साधारण ३०,००० बीटीयू. ३० पौंडांच्या प्रोपेन सिलिंडरमध्ये साधारण साडेसहा लाख बीटीयू. म्हणजे भट्टी सलग चालली तर जेमतेम २१-२२ तास. कडाक्याच्या थंडीत दीड-दोन दिवसांत सिलिंडर रिकामा. शिवाय प्रोपेनची वाफ होते ती उणे ४२ सेल्सियसच्या वरच. थंडी त्या आकड्याकडे सरकते तसा सिलिंडरमधला दाब घटत जातो. आणि त्या पार्शल गावात, जिथून तेलाची ही तेजी सुरू झाली, तिथेच १५ फेब्रुवारी १९३६ रोजी राज्याचा नीचांक नोंदला गेला होता. उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सियस. त्या थंडीत बाहेर ठेवलेल्या सिलिंडरमधून गॅस येणारच नाही.

पण खरा शत्रू निघाला तो ओलावा. एक पौंड प्रोपेन जळलं की सुमारे १.६ पौंड पाणी तयार होतं. भट्टीचा धूर बाहेर जातो, म्हणून ते पाणीही बाहेर जातं. पण पैसे वाचवायला कुणी बिनधुराड्याचा हीटर आत लावला, तर एका सिलिंडरमागे एक मोठी बादलीभर पाणी खोलीत! ते थंड भिंतीवर जाऊन बसतं, पलंगामागे गोठतं. माझ्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की खिडकीवर आतून बर्फाची नक्षी उमटायची. उशीचं टोक भिंतीला चिकटून गोठलेलं मी पाहिलं आहे. आणि ओलाव्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ऊब राखायला माणूस फटी बुजवतो, हवा कमी पडते, ज्वलन अर्धवट होतं आणि हा बिनवासाचा वायू साचतो. त्या पार्कमध्ये लोक एकमेकांना भेटल्यावर हवापाण्याइतक्याच सहजतेने विचारत, "तुझा डिटेक्टर चालू आहे ना?"

बेघर कुणाला म्हणायचं?

डावीकडच्या त्या मुलीबद्दल सांगायला हवं. उणे पंचवीसमध्ये ती शाळेच्या बसची वाट पाहत उभी असायची. तिच्या आईकडून कळलं की शाळेच्या कागदोपत्री ती 'बेघर' आहे. मला धक्काच बसला. वडील वेल्डर, कमाई माझ्यापेक्षा फारशी कमी नसावी! पुढे वाचल्यावर उलगडा झाला. मॅकिनी-व्हेंटो हा मूळ १९८७ चा कायदा. त्याच्या सुधारित व्याख्येप्रमाणे दुसरी योग्य जागा नसल्यामुळे मोटेल, ट्रेलर पार्क किंवा कँपग्राउंडमध्ये राहणारी मुलं बेघर धरली जातात. हेतू चांगला आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी शाळेला त्या मुलाला लगेच प्रवेश द्यावा लागतो. आपल्याकडे ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, त्या याच गरजेतून. बीडहून कोयता घेऊन निघालेलं जोडपं पाचटाच्या कोपीत थंडी काढतं आणि मुलांच्या शाळेचं वर्ष तुटतं.

ऊस आणि बीट यांचं हे साम्य आपल्या अगदी दाराशी आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये साखरेच्या बीटची काढणी होते. जमीन गोठायच्या आत, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. त्या कामाला देशभरातून माणसं आरव्ही घेऊन येतात, त्यांत साठी ओलांडलेली बरीच असतात. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकात ही मंडळी भेटतात. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. काढलेल्या बीटचे डोंगर उघड्यावर रचतात आणि हिवाळ्यात ते गोठवूनच टिकवतात. बीट गोठून चालतं, माणसाचं तसं नाही.

विलिस्टनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. १९८० च्या दशकात तेल कोसळलं तेव्हा नव्या वस्त्यांसाठी घातलेल्या रस्त्या-गटारांचं कर्ज गावाच्या डोक्यावर राहिलं होतं. दुधाने तोंड पोळलेलं गाव ताकही फुंकून पिणारच. रस्त्याकडेला टाकलेलं सांडपाणी, सिलिंडरमुळे लागणाऱ्या आगी, हे प्रश्नही खरे होते. म्हणून गावाने वस्तीत आरव्ही लावून राहण्यावर निर्बंध आणले. त्याच गावातल्या एका ल्युथरन चर्चने मात्र जागा नसलेल्या कामगारांना आत आणि आपल्या पार्किंगमध्ये झोपू दिलं, त्यावर '२०१४ चा 'द ओव्हरनाइटर्स' हा माहितीपट आहे. शेजारीपाजारी आणि गावकारभारी यांच्याशी चर्चचा जो संघर्ष झाला तो बघताना मला विलो रनची आठवण होत राहिली. २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव फेब्रुवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली आला. पार्कं ओस पडली. गाड्या जशा आल्या तशा गेल्या.

तात्पुरतं म्हणजे किती दिवस?

हा सगळा इतिहास वाचताना एक शब्द मला सारखा भेटत राहिला. तात्पुरतं. मेंढपाळाचा व्हिसा तात्पुरता, विलो रनची वसाहत तात्पुरती, आरव्ही तात्पुरत्या निवासाची. काम मात्र खरं होतं. लोकर खरी, विमानं खरी, तेल खरं. ज्या कामात घाई असते तिथे माणूस घराच्या आधी पोचतो. मग तो बिऱ्हाड पाठीवर आणतो, आणि समाज त्याच्याकडून काम घेतो पण त्याच्या बिऱ्हाडाकडे पाहायचं टाळतो. एच-१बी सुद्धा कागदावर 'तात्पुरता'च आहे. त्या तात्पुरतेपणात आपल्यापैकी अनेकांनी घरं घेतली, मुलांना शाळा-कॉलेजांत घातलं आणि ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काढली. आपल्या भिंतींना इन्सुलेशन चांगलं आहे, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक मोठा आहे, हे मी चार महिन्यांनी घरी परतू शकलो म्हणून सांगतो. आयडाहोच्या कुटुंबाला परतायला घर नव्हतं. त्यांचं तिथलं घर २०१० मध्येच बँकेकडे गेलं होतं.

मिनेसोटात 'कोल्ड वेदर रूल' आहे. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात बिल थकलं तरी वीज-गॅस कंपनीशी हप्ते ठरवून ते पाळणाऱ्याची ऊब तोडता येत नाही. फार चांगला नियम. पण तो मीटरवाल्यांसाठी. सिलिंडर भरून आणणाऱ्या ट्रेलरवाल्याला त्याचा उपयोग नाही. त्याचा सिलिंडर रिकामा झाला की रिकामाच.

म्हणून जाता जाता एक सूचना. दर डिसेंबरात आपण मंडळी गरजूंसाठी कोट, ब्लँकेटं आणि डबाबंद जिन्नस गोळा करतो. यंदा त्या यादीत बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर घालूया. किंमत साधारण एका पिझ्झ्याच्या ऑर्डरएवढी. आणि जानेवारीत कुठे गवताच्या भाऱ्यांनी वेढलेली, खिडक्यांना प्लास्टिक लावलेली आरव्ही दिसली, तर 'कुणीतरी गाडी आवरायला विसरलेलं दिसतंय' असं समजू नका. आत कुणीतरी स्वयंपाक करत असेल, मुलांचा अभ्यास घेत असेल. मुलांनी विचारलं तर त्यांनाही सांगा की ते घर आहे.